हे आधी कुठे भेटलं होतं?

त्या मुलाला त्या प्रश्नात पैकीच्या पैकी मार्क होते, पेपर मीच तपासला होता त्यामुळे मला पक्कं आठवतंय. प्रश्न नेहमीचाच होता, स्टॅटिस्टिक्स शिकवणारा प्रत्येकजण कधी ना कधी घालतो तो. एखादा आजार शंभरात एकाला आहे, त्याची टेस्ट आजारी माणसांपैकी नव्वद टक्के लोकांना बरोबर पकडते, पण निरोगी माणसांपैकीही नऊ टक्के लोकांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? त्याने बेजचं सूत्र, म्हणजे नवी माहिती आल्यावर शक्यता पुन्हा काढायचं सूत्र, नीट लिहिलं होतं, किमती घातल्या होत्या, उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्यानंतर सहाएक आठवड्यांनी तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. रात्रभर झोपलेला नव्हता हे चेहऱ्यावरून कळत होतं. आईची काहीतरी रुटीन तपासणी झाली होती, तिला त्रास असा काहीच नव्हता, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता, डॉक्टरांनी दुसरी टेस्ट करायला सांगितली होती आणि मधल्या काळात याने कुठेतरी वाचलं होतं की ती टेस्ट नव्वद टक्के अचूक असते. मला म्हणाला, "मॅडम, नव्वद टक्के म्हणजे झालंच ना जवळजवळ?"

मी त्याला बसवलं, पाणी दिलं, एक कोरा कागद घेतला आणि म्हटलं, समज हजार बायका आहेत ज्यांना काहीच त्रास नाही. आजार शंभरात एकीला, म्हणजे हजारात किती? तो म्हणाला दहा. त्या दहापैकी टेस्ट नऊ जणींना पकडणार. उरल्या नऊशे नव्वद निरोगी, त्यातल्या नऊ टक्के म्हणजे साधारण एकोणनव्वद जणींना उगाच पॉझिटिव्ह येणार. म्हणजे पॉझिटिव्ह एकूण अठ्ठ्याण्णव, आणि त्यात खरोखर आजारी... इथे त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं, नऊ. अकरातली जेमतेम एक. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "हे तर आपलं तिसरं युनिट आहे."

मी त्याला सांगितलं की आईच्या टेस्टचे खरे आकडे डॉक्टरच सांगतील, हे आपण समजण्यापुरते घेतलेत, आणि दुसरी टेस्ट करायचीच. ती झाली, त्यात काही निघालं नाही. पण निघालं असतं तरी माझ्या डोक्यातला प्रश्न तोच राहिला असता. हा मुलगा हुशार आहे, हेच गणित त्याने हाताने सोडवलंय, आणि आयुष्यात पहिल्यांदा जेव्हा त्याची खरी गरज पडली तेव्हा ते त्याला आठवलंसुद्धा नाही. विसरला नव्हता तो, कागदावर तिसऱ्या ओळीलाच त्याने ओळखलं. फक्त माझ्या विषयाचा कप्पा वेगळा आणि आईचा रिपोर्ट वेगळा, आणि मधे दार नाही. आणि ते दार करायचं काम कुणाचं होतं याचा विचार करत मी त्या दिवशी घरी गेले.

तेव्हापासून काही वर्षं मी या एकाच गोष्टीच्या मागे आहे, की मुलं एका तासाला शिकलेलं दुसऱ्या तासाला, आणि कॉलेजात शिकलेलं घरी, आणि घरचं कॉलेजात का आणत नाहीत, आणि त्यासाठी आपल्याला काय करता येईल. त्यातलं जे हाताला लागलं ते इथे लिहून ठेवतेय.

आधी एक जुना प्रयोग सांगते, कारण तो वाचल्यावर मला माझ्या मुलांचा राग येणं बंद झालं. १९८० साली मेरी गिक आणि कीथ होलीओक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कार्ल डंकर या मानसशास्त्रज्ञाचं एक कोडं दिलं. एका माणसाच्या पोटात गाठ आहे, ऑपरेशन करता येत नाही, किरणांनी गाठ जाळता येते पण तेवढे तीव्र किरण सोडले तर वाटेतला चांगला भागही जळतो आणि सौम्य सोडले तर गाठीला काहीच होत नाही, मग करायचं काय? उत्तर असं की सौम्य किरण वेगवेगळ्या दिशांनी सोडायचे आणि ते गाठीवरच एकत्र येतील असं बघायचं. नुसतं कोडं दिलं तर दहात एखाद्यालाच हे सुचतं. मग त्यांनी काय केलं, कोड्याच्या आधी एक गोष्ट वाचायला दिली. एका किल्ल्याकडे अनेक रस्ते जातात, सगळ्या रस्त्यांत सुरुंग पेरलेत, मोठं सैन्य गेलं तर उडतं, छोटी तुकडी सुखरूप जाते, म्हणून सेनापती सैन्याच्या छोट्या तुकड्या करतो आणि सगळ्या रस्त्यांनी एकाच वेळी किल्ल्यावर पाठवतो. म्हणजे उत्तर जवळजवळ हातात ठेवलंच. तरी आपणहून फक्त दहातल्या तिघांना ते वापरावंसं वाटलं! आणि नंतर नुसतं एवढंच म्हटलं की मघाची गोष्ट उपयोगी पडेल बघा, तर दहातल्या सात-आठ जणांना जमलं.

यातला कुठलाही आकडा मला इतका हलवून गेला नाही जितका तो मधला फरक. तीन आणि सात-आठ. ही जी चार-पाच मुलं आहेत ना, त्यांच्याकडे सगळं होतं. गोष्ट वाचलेली होती, कळलेली होती, पाच मिनिटांपूर्वीच वाचलेली होती. त्यांना फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की मागे वळून बघ. आणि आम्ही शिक्षक काय समजून चालतो, की एकदा नीट शिकवलं की ते जिथे लागेल तिथे आपोआप जाईल. जात नाही. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी हे १९०१ सालीच दाखवलं होतं, की एका कामात मिळवलेली तयारी दुसऱ्या कामात फारशी उतरत नाही, दोन्हींत बरंच काही सारखं असेल तरच थोडीफार उतरते. सव्वाशे वर्षं होत आली या गोष्टीला आणि तरी आपलं टाइमटेबल मात्र अजून तेच गृहीत धरून चाललंय, की अकराच्या तासाचं बाराच्या तासाला जाईलच.

आता हेच उलट बाजूने. बाहेरचं आत येतं का? तर यावर ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातलं एक काम आहे, १९८५ सालचं, टेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालूसिया श्लीमन यांचं. त्यांनी रस्त्यावर माल विकणारी पाच मुलं घेतली, नऊ ते पंधरा वर्षांची. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले आणि खरेदी करता करता हिशोब विचारले, तर अठ्ठ्याण्णव टक्के उत्तरं बरोबर. मग तशीच गणितं त्याच मुलांना नंतर बसवून कागदावर दिली, शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तेव्हा चौऱ्याहत्तर टक्के, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा सदतीस टक्के. त्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलाचं उदाहरण मी कधीच विसरणार नाही. पस्तीसचे चार नग किती, असं विक्रीच्या वेळी विचारलं तर म्हणाला तिघांचे एकशे पाच, अधिक तीस एकशे पस्तीस, अधिक पाच, एकशे चाळीस. कागदावर पस्तीस गुणिले चार दिलं तर, चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस, म्हणून लिहिलं दोनशे. तोच मुलगा, तेच आकडे. कागदावर दोनशे लिहिताना त्याला एकदाही वाटलं नाही की अरे हे तर मी रोज करतो आणि ते एवढं येत नाही. वाटलं नाही कारण शाळेच्या गणितात आपलं रोजचं डोकं चालवायचं नसतं हे तो शाळेतच शिकला होता.

माझा तो विद्यार्थी आणि हा मुलगा मला एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे दिसतात. एकाला आतलं बाहेर नेता आलं नाही, दुसऱ्याला बाहेरचं आत आणता आलं नाही.

मग मी कामाला लागले. आणि पहिली दोन सेमिस्टर मी जे केलं ते फुकट गेलं, तेही सांगायला हवं. मी काय केलं तर जोडण्या सांगायला लागले. प्रत्येक टॉपिकनंतर एक स्लाइड, की बघा हे तुम्हाला इकॉनॉमिक्समध्ये असं भेटतं, बायोलॉजीत असं, घरात असं. खूप मेहनतीने बनवल्या होत्या त्या स्लाइड्स, आणि मुलांना आवडायच्याही, माना डोलवायची. पेपरात एक प्रश्न घातला, की हा टॉपिक दुसऱ्या विषयाशी कसा जोडता येईल, तर साठच्या साठ जणांनी माझीच उदाहरणं लिहिली, माझ्याच क्रमाने, एका मुलीने तर माझ्या स्लाइडमधली टायपिंगची चूकसुद्धा तशीच उतरवली होती. म्हणजे मी त्यांना जोडायला शिकवलं नव्हतं, पाठ करायला अजून एक गोष्ट दिली होती. तो गठ्ठा तपासताना मला फार वाईट वाटलं. पण तिथेच कळलं की जोडणी ही दुसऱ्याने करून द्यायची वस्तूच नाही, मी जोडलं तर ते माझ्या डोक्यात जोडलं जातं.

गिक आणि होलीओक यांचाच पुढचा, १९८३ सालचा पेपर मग नीट वाचला. त्यात त्यांनी एकाऐवजी दोन गोष्टी दिल्या होत्या, वरून एकमेकींसारख्या अजिबात न दिसणाऱ्या पण आतून एकच युक्ती असलेल्या, आणि विद्यार्थ्यांना म्हटलं या दोन्हींत सारखं काय ते लिहा. ज्यांनी ते सारखेपण स्वतःच्या शब्दांत चांगलं लिहिलं, त्यांना कोडं सोडवताना ती युक्ती जास्त वेळा आपणहून सुचली. म्हणजे काम शिक्षकाच्या सांगण्याने होत नाही, दोन गोष्टी समोरासमोर ठेवून मुलाने स्वतः घासून बघण्याने होतं.

म्हणून स्लाइड्स काढून टाकल्या आणि त्या जागी एक प्रश्न ठेवला. हे आधी कुठे भेटलं होतं? एवढाच. नवीन कल्पना शिकवून झाली की मी थांबते आणि विचारते आणि मग खरोखर गप्प बसते, जे मला सगळ्यात अवघड गेलं, कारण सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीच बोलत नाही आणि आपल्याला वाटतं आता आपणच सांगून टाकावं. नाही सांगायचं. चाळीस सेकंद लागतात, कधी एक मिनिट, पण कुणीतरी बोलतं.

आणि सोबत एक वही. मुलंच तिला जोडवही म्हणायला लागली, नाव माझं नाही. आठवड्याला एक पान, या आठवड्यात कुठल्याही तासाला शिकलेली एक गोष्ट दुसऱ्या तासाला किंवा कॉलेजबाहेर कुठे भेटली ते लिहायचं. बरोबर-चूक असं काही नाही, लिहिलं की काम झालं. पहिल्या महिन्यातली पानं अगदी पातळ असतात हे आधीच सांगून ठेवते, कुणी करून बघणार असेल तर नाउमेद होऊ नका. "इकॉनॉमिक्समध्ये पण ग्राफ असतात आणि स्टॅट्समध्ये पण ग्राफ असतात." अशी पानंच्या पानं येतात. हे चुकीचं नाहीये, नवीन माणूस वरवरचं सारखेपणच आधी बघतो. मिशेलीन ची (Chi) या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली फिजिक्सच्या उदाहरणांचे गट पाडायला सांगितले होते तेव्हा नवख्यांनी उताराची उदाहरणं एकीकडे आणि स्प्रिंगची दुसरीकडे ठेवली, आणि मुरलेल्या लोकांनी मात्र कुठला नियम लागतो ते बघून, जसं ऊर्जा अक्षय्यतेचा, गट पाडले, मग त्यात उतार असो की स्प्रिंग. तर पातळ पानावर मी लाल पेन चालवत नाही, खाली पेन्सिलने एक प्रश्न लिहिते: सारखं नक्की काय आहे? आणि पुढच्या पानावर दुसरा: आणि हे सारखेपण कुठे तुटतं?

या दुसऱ्या प्रश्नाने माझ्या वर्गात जे झालं ते मी कुठल्याही लेक्चरने करू शकले नसते. एकदा घातांकी घट शिकवत होते, म्हणजे दर ठरावीक वेळाने जेवढं उरलंय त्याच्या ठरावीक हिश्श्याने कमी होणारी गोष्ट, आणि विचारलं कुठे भेटलंय. सायन्सवाल्यांनी लगेच किरणोत्सर्ग सांगितला, अर्धायुष्य वगैरे. थोड्या वेळाने शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी फारशी बोलत नाही आणि अकाउंट्स ऐच्छिक घेऊन बसलीय, ती म्हणाली, "मॅडम, घसारा." मशीनची किंमत घटत्या शिल्लक पद्धतीने दरवर्षी कमी दाखवतात ना, उरलेल्या किमतीच्या इतके टक्के, तेच की हे. पूर्ण वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. मग एकाने शरीरातल्या औषधाचं सांगितलं, बहुतेक औषधांचं रक्तातलं प्रमाण दर काही तासांनी निम्मं होत जातं, पन्नास, पंचवीस, साडेबारा. तीन फळ्यांवर तीन ग्राफ काढले, एकसारखे.

आता तुटतं कुठे? पंधरा मिनिटं भांडण. एकजण म्हणाला घसाऱ्याचा दर माणसांनी ठरवलेला असतो, नियम बदलला की ग्राफ बदलतो, किरणोत्सर्गाचा दर कुणी ठरवू शकत नाही, सूत्र तेच पण एक करार आहे आणि एक निसर्ग. मला स्वतःला हे इतक्या स्वच्छ कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्याने पुढच्या आठवड्यात जोडवहीत लिहून आणलं की दारू या नियमात बसत नाही, शरीर तिला साधारण एका ठरावीक वेगानेच बाहेर काढतं, कितीही असली तरी ताशी जवळपास तेवढीच, म्हणजे तिचा ग्राफ सरळ रेघेने उतरतो, आणि म्हणून थोड्या वेळाने निम्मी उतरली असेल हा हिशोब गाडी चालवायच्या आधी करणं धोक्याचं आहे. हे त्याने शोधून काढलं कारण "कुठे तुटतं" याचं उत्तर त्याला हवं होतं. त्याच्या पानावर मी फक्त एक मोठी टिक केली.

आणि हो, ती घसारावाली मुलगी. त्या दिवसापर्यंत तिला वाटत होतं की सायन्सच्या मुलांमध्ये आपण चुकून येऊन बसलोय. त्यानंतर ती दुसऱ्या बाकावर बसायला लागली. विषय जोडले जातात तेव्हा माणसंही थोडी जोडली जातात, हे मी आधी कधी धरलंच नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं की आम्ही शिक्षकच एकमेकांशी जोडलेले नाही आहोत, मुलांकडून कसली अपेक्षा करतोय. इकॉनॉमिक्स शिकवणाऱ्या सहकाऱ्याबरोबर मी एकदा दोघांचे सिलॅबस शेजारी ठेवून तासभर बसले. ज्याला ते सीमांत खर्च म्हणतात, म्हणजे अजून एक नग बनवायला येणारा जादा खर्च, ते गणिताच्या वर्गातलं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं, पण दोघांनीही ते मुलांसमोर एका श्वासात कधी म्हटलं नव्हतं. तो म्हणायचा "एक नग जास्त केला तर", गणिताचे सर म्हणायचे "h शून्याकडे जाताना", आणि बिचारी मुलं दोन्ही वेगवेगळी पाठ करत होती. उलटा प्रकार अजून वाईट, शब्द एक आणि अर्थ दोन. माझ्या तासाला सिग्निफिकंट म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाने येणं अवघड आहे, एवढंच. फरक मोठा आहे किंवा महत्त्वाचा आहे असं त्यात काहीच नाही. पण इंग्रजीच्या तासाला त्याचा अर्थच महत्त्वाचा. थिअरी म्हटलं तर बोलण्यात नुसता अंदाज आणि सायन्समध्ये भरपूर पुराव्यावर उभं राहिलेलं स्पष्टीकरण. फिजिक्समधलं वर्क बघा, जड पिशवी हातात धरून तासभर स्थिर उभे राहिलात तर पिशवीवर केलेलं काम शून्य, आणि दुखणारा खांदा सांगतो की भरपूर काम झालंय. मुलगा यातलं एक खरं मानतो आणि दुसरं सोडून देतो. त्याला दोन्ही धरून ठेवता यावं आणि कुठला अर्थ कुठे लागतो हे कळावं, म्हणून आता आम्ही चौघं शिक्षक सेमिस्टरच्या आधी एकदा बसतो आणि अशा शब्दांची यादी काढतो, दोन तासांचं काम आहे फक्त.

जोडणी म्हटली की सगळं छान छान असं मला वाटत नाही. वाईट जोडण्याही असतात आणि त्या फार गोड लागतात. डार्विनचं उदाहरण मी वर्गात दोन्ही बाजूंनी सांगते. १८३८ साली त्याने माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला, म्हणजे विषय अर्थशास्त्राचा, माणसं वाढतात त्या वेगाने अन्न वाढत नाही, आणि त्यातून त्याला प्राणी-वनस्पतींमधल्या निवडीची किल्ली मिळाली, गंमत म्हणजे हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचलेल्या आल्फ्रेड वॉलेसलाही १८५८ मध्ये तापात पडलेला असताना त्याच माल्थसची आठवण झाली. दोन माणसं, दोन ठिकाणी, आणि पूल एकच. पण नंतर काही लोकांनी तोच पूल उलटा ओलांडला आणि म्हणायला लागले की निसर्गात दुबळे मागे पडतात म्हणून समाजातही त्यांना मागे पडू द्यावं. निसर्गात काय घडतं यावरून माणसांनी काय करावं हे निघत नाही, तिथे ते सारखेपण तुटतं, आणि ते कुठे तुटतं हे विचारलं गेलं नाही म्हणून माणसांचं खूप वाईट झालं. त्यामुळे तो दुसरा प्रश्न मी कधीच गाळत नाही, वेळ कमी असला तरी.

आता आयुष्यातल्या अनुभवांबद्दल, आणि इथे मला जरा जपून लिहायचंय. जोडवहीत जेव्हा मुलं बाहेरचं लिहायला लागतात तेव्हा फार काय काय येतं. कुणी संध्याकाळी फोनवर तक्रारी ऐकायची नोकरी करतो आणि लिहितो की सायकॉलॉजीत शिकवलेलं नीट ऐकून घेणं काय असतं ते मला त्या नोकरीत आधीच कळलं होतं, पुस्तकाने फक्त नाव दिलं. कुणी धाकट्या भावंडांना सांभाळून शिकतेय आणि ऑपरेशन्स रिसर्चमधला शेड्युलिंगचा प्रॉब्लेम वाचून लिहिते की माझी सकाळ हीच आहे, कुठलं काम कुठल्या कामासाठी थांबतं हे मी रोज बघते. ही पानं वाचताना माझा गळा भरून येतो, कारण या मुलांना आपण पहिल्या दिवसापासून सांगत आलोय की तुम्हाला काही येत नाही म्हणून तुम्ही इथे आलात. ल्युइस मोल या शिक्षणाच्या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली यावरच लिहिलंय, घराघरांत साठलेलं ज्ञान असतं, काम करून, निभावून नेऊन साठलेलं, आणि शिक्षकाने ते बघायला शिकलं पाहिजे.

पण एका मुलाने एकदा घरातल्या मृत्यूबद्दल लिहिलं आणि शेवटी लिहिलं, हे लिहायलाच हवं होतं का मला कळलं नाही. ते वाचून मी हादरले. माझ्या प्रश्नाने त्याला वाटलं होतं की दुःखसुद्धा सबमिट करावं लागतं. त्या दिवसानंतर नियम केला की कुठलंही पान दुमडून ठेवता येईल, दुमडलेलं पान मी उघडत नाही, मोजताना ते धरते. आणि आयुष्यातलंच लिहा असा आग्रह कधीच नाही, दोन तासांमधली जोडणीही तेवढीच चालते. कुणाचा अनुभव हा माझ्या वर्गासाठीचा कच्चा माल नाही, त्याला वाटलं तर तो आणेल.

सिलॅबस कसा पुरा होतो हे सगळे विचारतात. होतो. आठवड्यातली शेवटची दहा-बारा मिनिटं यात जातात, आणि मी दोन पुनरावृत्तीचे तास कमी केले, कारण जुनं नव्याला घासून बघताना पुनरावृत्ती आपोआपच होत राहते. वह्या वाचायला मात्र वेळ लागतो, खोटं कशाला बोलू, साठ वह्या आठवड्याला जमत नाहीत, मी पंधरा-पंधरा करून महिन्यात एकदा सगळ्यांच्या वाचते. काही ठिकाणी अख्ख्या कॉलेजने हे मनावर घेतलंय. अमेरिकेतलं एव्हरग्रीन स्टेट कॉलेज १९७१ मध्ये सुरू झालं तेच या पद्धतीने, की विद्यार्थ्याने एकावेळी चार-पाच सुटे विषय घेण्याऐवजी एकच मोठा अभ्यासक्रम घ्यायचा आणि तो वेगवेगळ्या विषयांच्या शिक्षकांनी मिळून शिकवायचा. २००४ साली अमेरिकेतल्याच कॉलेजांच्या एका मोठ्या संघटनेने आणि शिक्षणावर काम करणाऱ्या कार्नेगी फाउंडेशनने मिळून निवेदन काढलं की हे जोडून शिकणं हे कॉलेज शिक्षणाचं एक मुख्य काम मानावं. वाचून बरं वाटतं. पण माझ्याकडे असं कॉलेज नाही, माझ्याकडे पंचावन्न मिनिटांचा तास आहे आणि बेल आहे, आणि अशा तासातही प्रश्न विचारता येतो, म्हणून लिहितेय.

अजून न सुटलेलं खूप आहे. जे मूल बोलतच नाही आणि वहीतही एक ओळ लिहून देतं, त्याच्यापर्यंत मी पोचलेय का हे मला कळत नाही. मार्क द्यायचे की नाही यावर आमच्या चौघांत अजून मतभेद आहेत. माझं मत असं की मार्क आले की पानं पुन्हा माझ्या आवडीची होतील, म्हणून मी देत नाही, पण मग दुसऱ्या विषयाचं सबमिशन आलं की जोडवही मागे पडते हेही खरं.

तो आईच्या रिपोर्टवाला मुलगा आता शेवटच्या वर्षाला आहे, ऐच्छिक विषयासाठी पुन्हा माझ्याकडे आलाय. परवा एक मुलगी वर्गात बातमी वाचून दाखवत होती, अमुक सवयीमुळे अमुक आजाराचा धोका दुप्पट होतो, आणि वर्गात लगेच कुजबुज सुरू झाली, कुणी म्हणालं बापरे, कुणी म्हणालं मी आजपासून बंद. मी काही बोलायच्या आत हा मागून म्हणाला, "थांब ना. दुप्पट म्हणजे कितीवरून दुप्पट? हजार जणांत किती होते आधी?"

तिने बातमी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. त्यात तो आकडा नव्हता. मग सगळा वर्ग तो शोधायला लागला.